पाळीव प्राणी: नाहीत

माउंट रॉस्किल, ऑकलंड
१० एप्रिल २०१६

प्रिय सुलभाकाकू,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ईमेल तुम्ही उघडत नाही, तेव्हा कागदपेन घेऊन बसले आहे. शाळा सुटल्यापासून इतकं मराठी हातानं लिहिलं नव्हतं. अक्षराला हसू नका.

तुम्ही लेकाकडे, चिरागकडे, इन्व्हरकार्गिलला राहायला गेलात आणि इकडे एकेक होत गेलं. रणजित कामासाठी पर्थला गेलाय असं मी सगळ्यांना सांगत होते. तो लेकीला आणि मला सोडून गेलाय, परत येणार नाहीये, काकू. जाताना गाडीचं कर्ज आणि फोनची बिलं माझ्या नावावर ठेवून गेला, ती थकली, आणि आता घर दाखवणाऱ्या एजंटनं कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं की त्याचा चेहरा पडतो. डे-केअरमधली माझी नोकरीही सुटली, त्यामुळे सध्या बेनिफिटवर, म्हणजे बेकारभत्त्यावर आहे. तिथल्या ऑफिसातली बाई फार चांगली. बाँडची, म्हणजे डिपॉझिटची, आम्ही सोय करतो म्हणाली, तू फक्त घर शोधून आण. ते 'फक्त' ऐकून मला हसूच आलं. आणि आपलं ते घर, ज्याच्या कुंपणावरून तुम्ही मला थालीपीठ द्यायच्या, ते मालकानं विकलं.

जुई आणि मी सध्या सिद्धीकडे आहोत. माझ्याबरोबर डे-केअरमध्ये होती ती. तिनं एका शब्दानं विचारलं नाही की किती दिवस. मांजराला शुभमनं पेनरोजच्या त्याच्या फ्लॅटवर नेलंय. शुभम आठवतो ना, विद्यार्थी असताना रविवारी तुमच्याकडे जेवायला यायचा? आता तिथल्या गोदामात सुपरवायझर आहे. मी विचारायच्या आधीच म्हणाला, सरकारला माझ्याकडे आणून सोड. सरकार म्हणजे आमचं मांजर. हे नाव तुम्हीच ठेवलंत. कुत्रा, म्हणजे भोपळ्या, अर्थात माझ्याबरोबर.

घर बघायला गेलं की तीन प्रश्न येतात. पैसे कुठून येतात, क्रेडिट कसं आहे, जनावरं आहेत का. मी तिन्ही विषयांत नापास. त्यामुळे काल मी एक गोष्ट केली, ती तुम्हाला आवडणार नाही.

ओटाहुहूला, स्टेशनपासून जवळ, एक घर बघितलं. पुढच्या घरात मालकीणबाई स्वतः राहतात, मागच्या अंगणात दोन खोल्यांचं छोटं घर. बेव्ह त्यांचं नाव. पंचाहत्तरीच्या पुढच्या असतील, पायांत रबरी चपला, हातात कोंबड्यांचं खाणं. एजंट नाही, कॉम्प्युटर नाही, अर्ज हातानं लिहायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि मला तिथं इतकं बरं वाटलं की उठवेना. तिनं विचारलं, काही प्राणी वगैरे आहेत का. मी नाही म्हटलं. अर्जावरही लिहिलं, पाळीव प्राणी: नाहीत. कामाच्या रकान्यात 'चाइल्डकेअर' लिहिलं. ते खोटं नाही, जुनं आहे इतकंच. भोपळ्या तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर सिद्धीच्या आणि जुईच्या मध्ये गाडीत बसला होता.

निघताना बेव्हनं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पेरूएवढे हिरवे फिजोआ भरून दिले. झाडाखाली सडाच पडलाय त्यांचा. ओळख ना पाळख, पण हातात डबा ठेवला. मला गाडीत बसल्यावर रडू आलं.

तुमचं नाव मी ओळख सांगायला दिलंय. तिचा फोन येईल. चिरागला मध्ये घ्या, आणि कृपा करून भोपळ्याचं काही बोलू नका.

तुमची दीप्ती


इन्व्हरकार्गिल
१५ एप्रिल २०१६

दीप्ती,

अक्षराला हसले नाही, तुझ्यावर चिडले.

रणजितचं मला ठाऊक होतं. आपल्या दोन घरांमध्ये फळ्यांचं कुंपण होतं, किल्ल्याची भिंत नव्हती, आणि तेव्हा माझे कान शाबूत होते. तू कामासाठी गेला म्हणालीस, मीही कामासाठी म्हटलं. त्याच्यावर शाई घालवण्यात अर्थ नाही.

माझं नाव दिलंस ते चांगलं केलंस. पण बाई, खोटं कशाला बोललीस? भोपळ्या काय चोरीचा माल आहे? आणि एवढं मोठं धूड लपवणार कुठं, फडताळात? उद्या तो भुंकला तर काय सांगशील, मुलीला खोकला झालाय? तुझ्यासारखी सरळ बाई खोटं बोलायला लागली की तिला ते झेपत नाही. मग ती घाबरी होते आणि मग कपबशा फोडते. तुला ओळखते मी.

सिद्धीकडे तुम्ही सगळे व्यवस्थित आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. डोक्यावर छप्पर आहे तर मग धावपळ कशाला? चार घरं बघ. भिंतींना ओल आहे का ते हात लावून बघ, नाहीतर हिवाळाभर जुई शिंकत बसेल. पहिलंच घर गळ्यात मारून घेऊ नकोस.

मी इथं मजेत. घर गरम आहे, खिडकीतून मेंढ्या दिसतात. जुईला माझा पापा. भोपळ्याला सांग आजीनं आठवण काढली. मराठीत सांग, नाहीतर त्याला कळायचं नाही.

सुलभाकाकू


माउंट रॉस्किल
२० एप्रिल २०१६

प्रिय काकू,

बेव्हचा काल फोन आला. नाही म्हणाली. एका जोडप्याचा विचार करतेय म्हणे, दोघंही नोकरीवाले. 'सॉरी, लव्ह' दोनदा म्हणाली आणि ठेवला.

मग आता तुमच्यापासून लपवत नाही. आम्ही सिद्धीकडे आहोत हे खरं, पण अर्धंच. जुई तिच्या मुलींच्या खोलीत झोपते. सिद्धीच्या घरमालकाला घरात कुत्रा चालत नाही, म्हणून भोपळ्या गाडीत झोपतो. एकटा राहिला की तो रडतो आणि मग शेजारी उठतात, म्हणून मी त्याच्याबरोबर गाडीत. सिद्धी रोज गरम पाण्याची पिशवी भरून देते आणि सकाळी चहा घेऊन फुटपाथवर येते. तिचे उपकार मी कसे फेडणार ते मला माहीत नाही. पण थंडी वाढायला लागलीय, आणि माझ्यामुळे तिचंही घर जाईल ही भीती वेगळीच.

म्हणून मी ठरवलंय. पुकेकोहेजवळ एक कुटुंब आहे, मोठी बाग, तीन मुलं. त्यांना कुत्रा हवाय. फोटो पाठवला, त्यांना आवडला. एक मेला, रविवारी, ते भोपळ्याला न्यायला येणार आहेत. कुत्रा नसला तर निदान एक प्रश्न तरी कमी होईल. माणसं चांगली वाटतात, काकू, खरंच. मी त्यांची फार आभारी आहे. हे लिहिताना मला काय होतंय ते लिहीत नाही.

जुईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला माहितेय ती माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलते, मी मराठीत विचारलं तरी. रणजित गेल्यापासून तर 'येस' आणि 'नो' यापलीकडे गाडी जात नाही. पण भोपळ्याशी ती मराठी बोलते. तुम्ही त्याला पिल्लू असताना मराठीत वाढवलंत, त्याला दुसरी भाषाच येत नाही, म्हणून. परवा गाडीच्या मागच्या सीटवर त्याला सांगत होती, 'तू घाबरू नकोस, आई शोधतेय.' मी बाहेर उभी होते.

तो आइस्क्रीमचा डबा अजून डिकीत पडलाय. फिजोआ आम्ही सगळ्यांनी मिळून संपवले. कचऱ्यात टाकते उद्या.

दीप्ती


इन्व्हरकार्गिल
२४ एप्रिल २०१६

दीप्ती,

डबा टाकू नकोस. खबरदार टाकलास तर.

गाडीत झोपतेस आणि मला 'सिद्धीकडे आहोत' म्हणून कळवतेस. मी इथं हीटरसमोर बसून तुला ओल तपासायला सांगतेय. पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. तुला ओरडायचं होतं, पण इथून ओरडून काय उपयोग.

आता नीट वाच. त्या बाईनं तुला भरलेला डबा दिला. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही, आणि परत दिल्याशिवाय तर राहतच नाही. आइस्क्रीमचा असो की सोन्याचा. मला माहितेय इथली माणसं असले डबे फेकून देतात. त्यांना फेकू दे. घर दिलं नाही म्हणून तू फळं खाऊन गप्प बसणार का? तसं केलंस तर फक्त घरासाठी गोड बोलत होतीस असं होईल. फिजोआची चटणी कर. आंबट निघाले तर गूळ घाल, वर हिंग-मोहरीची फोडणी. डबा भरायचा आणि स्वतःच्या हातानं नेऊन द्यायचा. रविवारच्या आत. जुईला सुट्टी आहे ना? तिला घेऊन जा. भोपळ्यालाही गाडीत घेऊन जा. आता तुला तिथं लपवायचंय काय? घर तर मिळणार नाहीये.

बेव्हबाईंचा फोन मला आला होता. जे विचारलं ते सांगितलं.

रविवार यायला अवकाश आहे. त्या पुकेकोहेवाल्यांना अजून काही पक्कं बोलू नकोस.

सुलभाकाकू

ता. क. तिखट बेताचं घाल. त्यांना झेपत नाही.


माउंट रॉस्किल
२ मे २०१६

प्रिय काकू,

कुठून सुरू करू तेच कळत नाहीये.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी फार वैतागले. म्हटलं, मी इथं कुत्रा देऊन टाकायला निघालेय आणि यांना आइस्क्रीमच्या डब्याची पडलीय. पण तुमचं ऐकलं नाही तर तुम्ही जन्मभर ऐकवाल, म्हणून टाकायचा राहिलेला डबा डिकीतून काढला आणि सिद्धीच्या स्वयंपाकघरात चटणी केली. फिजोआ समोरच्या घराच्या दारात 'घेऊन जा' म्हणून बादलीत ठेवलेले होते, ते आणले. तिखट बेताचं घालायला विसरले.

गुरुवारी गेलो. जुईला गाडीत भोपळ्याजवळ बसवलं, फाटकासमोरच. यावेळी कोपऱ्यावर नाही. म्हटलं डबा द्यायचा आणि निघायचं.

बेव्ह बागेत होती. डब्याकडे बघतच राहिली. हा तर आइस्क्रीमचा डबा, म्हणाली, हा परत आणलास? मी सांगितलं, आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत. ती म्हणाली ते कळलं, पण मुळात परत का आणलास? मी सरळ तुमचं नाव सांगितलं, काकू. तिनं तिथंच झाकण उघडून बोटानं चटणी चाखली. डोळ्यांतून पाणी आलं, खोकली, आणि परत बोट घातलं.

मी निघाले होते. खरंच निघाले होते. पण ती अशी बोट चाटत उभी राहिलेली बघून माझ्याच्यानं जाववेना. मी म्हटलं, मी तुमच्याशी खोटं बोलले. मला कुत्रा आहे, तो बघा गाडीत. मला नोकरी नाही, बेनिफिटवर आहे. क्रेडिटमध्ये माझं नाव खराब आहे. घर मागायला नाही आले, ते तुम्ही दिलंत त्यांना लखलाभ, पण तुमची फळं खाल्ली आणि खोटं बोलले हे मला बरं वाटत नाही. इंग्लिशमध्ये हे सगळं किती वेडंवाकडं झालं असेल ते तुम्हीच कल्पना करा.

बेव्ह म्हणाली, "कुत्र्याचं मला ठाऊक होतं. तू कधी सांगतेस याची वाट बघत होते."

मी विचारलं, कसं? मग तिनं सांगितलं. काकू, तुम्ही काय केलंत! ती म्हणते, तुझ्या त्या बाईंना फोन केला तर त्यांनी माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, पण थांबायलाही तयार नाहीत. मी विचारलं दीप्ती भाडं वेळेवर देते का, तर म्हणाल्या त्याला भेंडी आवडत नाही. मी विचारलं घर स्वच्छ ठेवते का, तर म्हणाल्या पिल्लू असताना तो माझ्या चपला घेऊन झोपायचा आणि ही मुलगी रोज संध्याकाळी त्या धुऊन परत आणून द्यायची. असं पाऊण तास. आणि तुम्ही मला काय लिहिलंत? जे विचारलं ते सांगितलं.

बेव्ह म्हणाली, कुत्रा आहे म्हणून मी नाही म्हटलं नव्हतं. अंगणात माझ्या शेजारी राहायला येणारं माणूस पहिल्याच दिवशी खोटं बोललं, म्हणून नाही म्हटलं. आणि मग म्हणाली, त्या जोडप्याला फिजोआचं झाड तोडून हवंय, अंगणात घाण होते म्हणे. त्यांना मी कालच नाही कळवलं. चल, आता तुझा कुत्रा दाखव.

जुई त्याला घेऊन आली. बेव्हनं 'सिट' म्हटलं. भोपळ्या तिच्याकडे बघत उभा. पुन्हा म्हटलं, तरी उभा. मला वाटलं गेलं सगळं. तेवढ्यात जुई म्हणाली, "बस रे, शहाण्यासारखा बस. आजी बघतायत." आणि तो बसला. बेव्ह जुईकडून तो शब्द शिकली, चार वेळा म्हणून बघितला. मग कोंबड्या आल्या. एक कोंबडी याच्या अंगावर धावून गेली आणि आमचा हा वाघ माझ्या मागे लपला. बेव्ह इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. म्हणाली, कोंबड्यांना काही धोका दिसत नाही. सात तारखेला सामान घेऊन या.

मी हात जोडले. आपोआप जोडले गेले. तिला काय करावं कळेना, मग तिनंही जोडले.

फाटकापर्यंत आले आणि मला सरकार आठवलं. परत गेले. म्हटलं, अजून एक सांगायचं राहिलंय. ती म्हणाली, आता काय, घोडा? म्हटलं, मांजर. तिनं डब्याचं झाकण लावलं. मग विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, नाही, एवढंच. 'मग आण त्यालाही,' म्हणाली, आणि चटणीचा डबा घेऊन आत गेली.

गाडीत बसल्यावर जुईला सांगितलं. पुकेकोहेवाल्यांबद्दलही सांगितलं, आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं आधी मागे वळून भोपळ्याकडे बघितलं. मग मराठीत म्हणाली, "आई, तू त्याला दिलं असतंस?" मी हो म्हटलं. तिनं माझा हात धरला, सिद्धीचं घर येईपर्यंत सोडला नाही. गिअर टाकताना पंचाईत होत होती, पण मी काही बोलले नाही.

पुकेकोहेवाल्यांना फोन केला. मला वाटलं चिडतील. तो गृहस्थ म्हणाला, 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे काही हरकत नाही, त्याला घर मिळालं हे महत्त्वाचं. ऑफिसातल्या बाईनं दुसऱ्याच दिवशी बाँडचं काम केलं आणि माझ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद झाला. शुभम गोदामातली व्हॅन घेऊन येतोय. इतकी माणसं, काकू. मी वर्षभर समजत होते की मी एकटी आहे.

तुमच्यावर रागावू की तुमच्या पाया पडू ते सांगा.

दीप्ती


इन्व्हरकार्गिल
७ मे २०१६

दीप्ती,

आज तुम्ही सामान हलवत असाल. आधी देवाजवळ दिवा लाव, मग बाकीचं.

माफी मागणार नाही. चिरागनं फोन माझ्या हातात दिला आणि तो कामाला निघून गेला. पलीकडून एका बाईचा आवाज येतोय एवढं कळत होतं, शब्द एकही कळत नव्हता. आता 'ऐकू येत नाही' म्हणून ठेवून दिला असता तर तुझी ओळख कोण सांगणार होतं? म्हणून मला जे ठाऊक होतं ते बोलत सुटले. भोपळ्याचं बोलायचं नाही हे लक्षात होतं ग. पण तुझ्याबद्दल बोलायचं आणि त्याला वगळायचं, हे जमेना. दोन वाक्यं झाली की तो येतोच मध्ये.

तुझं नकाराचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, माझ्या तोंडानं या पोरीचं घर घालवलं. आइस्क्रीमच्या डब्याचं मला काही पडलेलं नव्हतं. तुला त्या बाईच्या दारात पुन्हा उभं करायला निमित्त हवं होतं. तिथं गेलीस की खरं बोलल्याशिवाय तू परत येणार नाहीस, याची मला खात्री होती. कबूल केलं, आता त्यावरून चिडवत बसू नकोस.

खरं सांगायचं तर बेव्हबाईंचे आभार मलाच मानायचे आहेत. इथं चिराग आणि सून वाईट नाहीत. पण प्रत्येक वाक्य तीनदा ओरडून सांगावं लागलं की माणूस दमतं, आणि मग सांगायचंच सोडून देतं. हळूहळू मी बोलले तरी कुणी थांबेनासं झालं. दोघं फोनमध्ये, मी मेंढ्या मोजतेय. त्या बाईला माझं काही कामाचं ऐकायला मिळत नव्हतं, तरी तिनं फोन ठेवला नाही. पाऊण तास कुणीतरी माझं ऐकत होतं. फोन ठेवल्यावर मी चहा करून घेतला आणि खूप दिवसांनी त्यात आलं किसून घातलं.

आता एक विचारते. नाही म्हणालीस तरी राग नाही. बेव्हबाईंना विचारून बघ. त्यांना कुत्रा चालतो, मांजर चालतं. एक कमी ऐकू येणारी म्हातारी चालेल का? हिवाळ्यापुरती. जेवण बेतानं जेवते आणि भुंकत नाही.

सुलभाकाकू


ओटाहुहू, ऑकलंड
१२ मे २०१६

प्रिय काकू,

तुमचं पत्र बेव्हनंच आणून दिलं. मी पायरीवर बसून वाचलं, मग जुईनं वाचायला मागितलं, म्हणून तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटी तिनं विचारलं, आजी स्वतःला म्हातारी का म्हणते?

तुम्ही लिहिलंत, विचारून बघ. काकू, गेले कित्येक महिने मी दुसरं काहीच केलं नाही. कुत्रा चालेल का, बेनिफिट चालेल का, माझं नाव चालेल का, चार दिवस राहू का, गाडी तुमच्या दारात लावू का. रात्री झोपेतसुद्धा विचारत असायचे.

म्हणून हे मी बेव्हला विचारलं नाही. जाऊन सांगितलं, की माझ्या काकू येतायत राहायला. ती एवढंच म्हणाली की मग मोठ्यानं बोलायची सवय करते.

आतली खोली जुईनं तुमच्यासाठी आवरलीय. सकाळी तिथं ऊन येतं, भिंतींना हात लावून बघितलाय, ओल नाही. भोपळ्या आत्तापासूनच दारात आडवा पडलाय. हे माझं घर आहे, काकू. आपल्या माणसाला घरी बोलवायला मला आता कुणाला विचारावं लागत नाही. तिकीट काढा आणि या.

तुमची दीप्ती